फ्रिजातलं पेन आणि माझी हिशोबाची वही

नागपुरात सीताबर्डीवर माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. दिवसभर की-बोर्ड. त्यामुळे उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून वेलची केळ्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा आधी धंद्याचीच धास्ती बसली.

वर्षभर युरिक अॅसिडच्या गोळ्या खाल्ल्या. कोपरांवर दहा वर्षांचा सोरायसिस होता, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते. पण चामडीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, दोन्ही गोष्टी कोणी एकत्र मांडल्याच नाहीत. धंतोलीतल्या सांधेवाताच्या डॉक्टरांनी बोटाआधी नखं बघितली. आरए फॅक्टर, म्हणजे सांधेवाताची रक्ततपासणी, निगेटिव्ह होता, तरी म्हणाले, सोरायटिक आर्थरायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा सांधेवात.

मेथोट्रेक्सेट हे सांधेवाताचं नेहमीचं औषध सुरू झालं, आठवड्यातून एकदाच, रविवारी. सहा महिन्यांत बोट थोडं उतरलं, टाचेचं दुखणं मात्र नाही, आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, चढला. मग बायोलॉजिकचा, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचा, विषय निघाला: अॅडालिमुमॅब, 40 मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, पेनासारख्या इंजेक्शनातून घरीच टोचायचं. 2014 मध्ये झायडस कॅडिलाने त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, भारतात आणलं, पुढे आणखी कंपन्या उतरल्या, म्हणून हे औषध माझ्यासारख्याच्या आवाक्यात तरी आलं. छापील किंमत बघून घाबरू नका, आणि छापील किमतीत घेऊही नका. दोन-तीन ठिकाणी विचारा, कंपनीची रुग्णांसाठी काही योजना आहे का तेही विचारा. मला सुरुवातीला एक पेन साडेअकरा हजारांना पडलं. वर्षाला 26 पेनं, म्हणजे 2 लाख 99 हजार. तो आकडा वहीत लिहिला आणि वही मिटून ठेवली.

त्याआधी तपासण्या. छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, आणि टीबी गोल्ड ही टीबीसाठीची रक्ततपासणी. टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, जंतू अंगात नुसता झोपलेला होता. पण हे इंजेक्शन प्रतिकारशक्तीचा जो भाग दाबतं, तोच त्याला झोपवून ठेवत असतो. म्हणून सहा महिने आयसोनियाझिड ही टीबीची गोळी, आणि त्यातला पहिला महिना गेल्यावर पहिलं पेन. त्या महिन्याची तेव्हा फार चिडचिड झाली होती.

चौथ्या पेनानंतर बूट घालताना टाच दुखली नाही. सातव्या महिन्यात मला वाटलं, आपण बरे झालो. त्यातच मुलीच्या इंजिनीअरिंगची फी आली. कोणाला न विचारता पेन बंद केलं. दहा-अकरा आठवड्यांत बोट पुन्हा फुगलं, या वेळी मनगटासकट. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “पैशाची अडचण होती तर सांगायचं होतं. आपण काहीतरी बसवलं असतं.” मग समजावलं, की असं थांब-सुरू केलं तर शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं आणि मग तेच औषध लागू पडत नाही. मेथोट्रेक्सेटचा कमी डोस सोबत ठेवण्यामागे हेही एक कारण. माझं नशीब, पुन्हा लागू पडलं.

विम्याचं सांगतो. विमा नियामकाने 2019 मध्ये ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही म्हणून यादी दिली, तिच्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन आहे, आणि माझं औषध त्याच प्रकारातलं. मी तेवढ्या भरवशावर क्लेम टाकला. नामंजूर. कारण पेन घरी टोचलं, भरती नाही, डे-केअर नाही. आणि ओपीडीचा खर्च माझ्या पॉलिसीत नाही. म्हणजे घरी टोचायचं पेन रोग्याच्या सोयीचं आणि दवाखान्यात सलाइनमधून चढवायचं औषध क्लेमच्या सोयीचं! औषध ठरण्याआधी पॉलिसीची उपमर्यादा आणि जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ वाचा. मी नंतर वाचला.

पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. एकदा डबी फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठली. गोठलेलं वितळलं तरी चालत नाही. साडेअकरा हजार कचऱ्यात. तेव्हापासून सौ.ने मधल्या खणात स्टीलचा डबा ठेवलाय, वर तारखांची चिठ्ठी. टोचतेही तीच. अर्धा तास आधी पेन बाहेर काढते, नाहीतर झोंबतं.

आता पाचवं वर्ष. पेन आठ हजारांना मिळतं, आणि वर्षभर सूज नसल्यामुळे डॉक्टरांनी अंतर तीन आठवड्यांवर नेलंय. वर्षाला 17 पेनं, 1 लाख 36 हजार. दुकानाच्या गल्ल्यातून रोज चारशे वेगळे काढतो. रविवारी दुकान बंद असतं, त्यामुळे थोडे कमी पडतात, ते दिवाळीत लग्नपत्रिकांच्या कामातून भरून काढतो.

गेल्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, संध्याकाळी वादळ झालं आणि लाइट गेली. तीन तास झाले तरी आली नाही, तसा डबा उचलून इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्यांकडे गेलो. काकू म्हणाल्या, “काय भाऊ, मिठाई ठेवून राहिले का आमच्या फ्रिजात?” म्हटलं, मिठाईच, पण मागच्या भिंतीला टेकवू नका.