हवालदारचा नायब सुभेदार होताना: एका अक्षरात गेलेले अडीच महिने

परवा युनिटमधला एक हवालदार कॅडरला, म्हणजे प्रमोशनच्या कोर्सला निघाला होता, जायच्या आधी भेटायला आला, साहेब काय काय तयारी करू म्हणून. मी म्हटलं आधी तुझा आर्मी नंबर कागदावर लिहून दाखव, शेवटच्या अक्षरासकट. तो हसला. मला काही हसू आलं नाही, कारण माझे अडीच महिने त्या एका अक्षरात गेलेत आणि अजून आठवलं की डोकं फिरतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिपायाच्या दंडावर काही नाही, मग लान्स नायक, नायक, हवालदार, इथपर्यंत दंडावर फीत. त्याच्यापुढे नायब सुभेदार, म्हणजे खांद्यावर स्टार येतो, माणूस जेसीओ म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर होतो, गॅझेटेड, जेवण जेसीओ मेसमध्ये, आणि ऑफिसरसुद्धा साहेब म्हणून हाक मारतात. १९६५ पर्यंत याच रँकला जमादार म्हणायचे, आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून म्हणतात. सिव्हिलमध्ये मात्र हवालदार म्हटलं की लोकांना चौकीतला पोलीसच आठवतो. मेव्हण्याने त्याच्या सोसायटीत माझी ओळख हवालदार म्हणून करून दिली तर एका काकांनी थेट विचारलं, हेल्मेटचं चलन कमी होईल का. पुणेच ते.

स्टार वगैरे ठीक आहे हो, खरी धाकधूक पोटाची असते. हवालदार राहिलात तर २४ वर्षांत घरी, एक्सटेन्शन मिळालं तर वर २. नायब सुभेदार झालात तर २६ आणि वर २. माझी २२ झालेली, मुलगी दहावीला, मुलगा सातवीला, क्वार्टर घोरपडीत, दोघांच्या शाळा इथेच. बायको तोंडाने काही बोलायची नाही पण रात्री दिवा घालवताना हळूच विचारायची, प्रमोशनची लिस्ट आली का. आणि खोटं कशाला बोलू, गावाचाही विषय होता. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, अपशिंगे मिलिटरीएवढं नाव नाही त्याचं, पण घरटी एक माणूस फौजेत. चुलते सुभेदार होऊन पेन्शनवर आले तेव्हापासून त्यांच्या घराला सुभेदाराचं घर म्हणतात, त्यांची शेळी हरवली तरी ती सुभेदाराची शेळी असते. आमच्या घराला काहीच म्हणत नाहीत.

तर तयारी. कॅडर झालं. ड्रिल, वेपन, मॅप, पुढे उभं करून लेक्चर घ्यायला लावतात, सगळे चाळिशीच्या आसपासचे हवालदार, रात्री बॅरेकमध्ये नुसता बामचा वास. पास झालो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बीपीईटीचं, म्हणजे शारीरिक चाचणीचं मात्र मी आठ महिने आधीपासून मनावर घेतलं होतं, कारण पाच किलोमीटर पळणं जमतं पण उभी रस्सी चढताना वय कळतं. पहाटे रेसकोर्सच्या मैदानावर पळायचो, रविवारी पोरांना घेऊन सिंहगड, पायथ्यापासून चालत. वर सगळे पिठलं भाकरी आणि भजी हाणायचे आणि मी ताक पिऊन दुसरीकडे तोंड करून बसायचो. साडेसहा किलो उतरवलं. मेडिकलला वजन जास्त निघालं की खालची कॅटेगरी लागते आणि शेप वन, म्हणजे पूर्ण फिट असल्याचा शेरा गेला की बहुतेक वेळा बाकीचं सगळं असून काही उपयोग नाही. अजून एक, मेडिकलच्या आधी कान साफ करून घ्या डॉक्टरकडून, आमच्यातला एक जण कानातल्या मळापायी हिअरिंगला अडकला होता. आणि आदल्या रात्री ड्युटी लागली असेल तर बदलून घ्या, झोप नसली की बीपी वर जातो.

सीआर म्हणजे वर्षाचे गोपनीय अहवाल चांगले, रेड इंक एंट्री म्हणजे शिक्षेची नोंद एकही नाही, मेडिकल शेप वन. आता फक्त लिस्टची वाट बघायची असं वाटलं आणि तिथेच गाडी रुतली.

२०२३ चा मार्च. हेड क्लर्कने बोलावलं, म्हणाला बाकी सगळं आहे पण तुमच्या नावापुढे मॅप रीडिंगच्या रकान्यात डॅश आहे. मी म्हटलं डॅश कसा, मी २०१३ ला पास झालोय, रिझल्टची झेरॉक्स माझ्या ट्रंकेत आहे. तो म्हणाला झेरॉक्स असेल हो, पार्ट टू ऑर्डर नाही. आता पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय ते फौजेतल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: फौजेत तुमचं लग्न, मूल, कोर्स, परीक्षा, काहीही झालं तरी ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून रेकॉर्डला चढल्याशिवाय झालेलंच नसतं. पोरगं घरात रांगत असलं तरी पार्ट टू निघेपर्यंत सरकारी हिशोबात तुम्ही निपुत्रिक. तशी माझी परीक्षा झालेलीच नव्हती. आणि प्रमोशन बोर्डासाठी कागद पुरे करायची तारीख जूनमध्ये.

मग जिथे हे रेकॉर्डला चढतं त्या ऑफिसला मी गेलो. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, अजून सर्व्हिस बाकी आहे माझी. आऊटपास काढायचा, बाईक काढायची, घोरपडीचं रेल्वे फाटक बंद, गाडी गेली की दुसऱ्या बाजूने अजून एक गाडी, हेल्मेटच्या आत घाम, पोटाशी फाईल, आणि पोचेपर्यंत खिडकीत माणूस नाही. पहिल्या दिवशी सांगितलं ज्यांच्याकडे तुमची फाईल आहे ते रजेवर आहेत. ठीक आहे. दुसऱ्या वेळी ते होते, त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मान हलवली, म्हणाले पार्ट टू आली होती, पण रिजेक्ट झालीये, मिलान नहीं हो रहा. कशाचं मिलान? तर नंबरचं. माझ्या नंबरच्या शेवटी एम आहे आणि पार्ट टूमध्ये छापलं होतं डब्ल्यू. सात आकडे बरोबर, नाव बरोबर, तारीख बरोबर, एक अक्षर उलटं. दहा वर्षांपूर्वी रिजेक्ट झालेली ऑर्डर, त्याची चिठ्ठी जुन्या युनिटला गेली म्हणे, जुनं युनिट तेव्हा हलत होतं, पेट्या बांधलेल्या, चिठ्ठी कुठल्या पेटीत गेली देव जाणे. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

म्हटलं एक अक्षर आहे, करा दुरुस्त, समोरच तर आहे स्क्रीनवर. तसं होत नाही. ज्या युनिटने छापलं त्यांनीच दुरुस्तीची पार्ट टू काढायची. जुन्या युनिटला फोन लावला, एक्सचेंजमधून, तीन दिवस लाईनच लागेना, लागली तर तिथला बाबू म्हणतो तो माणूस आता आमच्या स्ट्रेंथवर नाही, आम्ही त्याची पार्ट टू कशी काढणार, आत्ता तो ज्या युनिटमध्ये आहे त्यांनी काढावी. आमचा हेड क्लर्क म्हणतो परीक्षा आमच्याकडे झाली नाही, आम्ही कशाच्या आधारावर काढणार. परत ऑफिसला गेलो, तिसरी खेप, ते म्हणाले तुम्ही आपापसात ठरवा आणि या. आपापसात कोण, मी एकटाच तर होतो. त्या दिवशी मी आवाज चढवला. चढवायला नको होता, कारण चौथ्या खेपेला फाईल ढिगात सगळ्यात खाली होती आणि ती तिथे आपोआप गेली असं मला कुणी सांगू नये.

ऑफिसच्या बाहेर व्हरांड्यात एक बाक आहे, त्याचा एक पाय लहान, दोन माणसं बसली तर सरळ राहतो, एकटा बसलात तर डुगडुगतो. चौथ्या खेपेला मी डुगडुगत बसलो होतो तेव्हा शेजारी एक काकू येऊन बसल्या आणि बाक सरळ झाला. नववारी, हातात रेशनच्या दुकानाची पिशवी, त्यात कागद. नवरा फौजेतून रिटायर होऊन नंतर वारलेला, फॅमिली पेन्शनच्या कागदावर यांचं नाव एका ठिकाणी नुसतं आणि दुसऱ्या ठिकाणी बाई लावून, त्या एका बाईसाठी त्या एसटीने फलटणहून येत होत्या, आठ महिने. मी त्यांना माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पावती घेतली का रं दादा?" मी म्हटलं कसली पावती. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक खेपेला कुठला कागद दिला, कुणी घेतला, त्याची सही, तारीख, शिक्का. "नातीकडून लिवून घेते मी. शिक्का घेतल्याबिगर कागद सोडायचा न्हाई. आन सोमवारी येऊ नगंस, शनिवार रविवारचं साठल्यालं असतंय. गुरवारी ये, धाच्या आत."

बावीस वर्षं नोकरी झालेला मी, मॅप रीडिंग पास, होकायंत्राशिवाय रात्री उत्तर दिशा काढणारा, आणि मला एकाही खेपेची पावती घ्यायचं सुचलं नव्हतं. संध्याकाळी घरी येताना पोराची एक कोरी वही मागून घेतली.

हे लिहायचं राहिलं, तुमची प्रत्येक पार्ट टू ऑर्डर निघाली की तिचा नंबर आणि तारीख स्वतःजवळ लिहून ठेवा, आणि दोन तीन महिन्यांनी ती रेकॉर्डला चढली का ते विचारा. छापली म्हणजे चढली असं नसतं. दरवर्षी डॉक्युमेंटेशनच्या वेळी आपल्यासमोर कागद ठेवतात तेव्हा आपण कॅन्टीन गाठायच्या घाईत बघितल्यासारखं करून सही ठोकतो, मी दहा वर्षं तेच केलं. आणि जुन्या युनिटकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा फोटो मागवायचा विचारसुद्धा करू नका, सर्व्हिसचे कागद मोबाईलवर फिरवताना सापडलात तर प्रमोशन राहील बाजूला.

सुटलं कसं, तर दोन माणसांमुळे. जुन्या युनिटमध्ये एक नवीन क्लर्क आला होता, कोल्हापूरचा पोरगा, फोनवर मराठी ऐकून एकदम खुलला, काय टेन्शन घेऊ नका दादा म्हणाला, मी बघतो. त्याने खरंच जुने रजिस्टर उपसून ती पार्ट टू शोधली, मूळ रिझल्ट शीट शोधली, दोन्हीच्या सर्टिफाईड कॉपी काढून टपालाने पाठवल्या. आणि दुसरे आमचे एसएम साहेब, म्हणजे सुभेदार मेजर. त्यांच्याकडे मी आधीच जायला पाहिजे होतं, पण उगाच मोठ्या माणसाला कशाला त्रास म्हणून गेलो नव्हतो, हा माझा शहाणपणा. त्यांनी हेड क्लर्कला बोलावलं, कागद कुणी काढायचा हे नंतर भांडत बसा म्हणाले, आधी कागद काढा. जुन्या युनिटच्या कॉप्या जोडून आमच्याच युनिटने दुरुस्तीची पार्ट टू काढली, वर कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं कव्हरिंग लेटर. अर्ध्या तासात झालं. अडीच महिने आणि अर्धा तास.

त्या कॉप्यांबरोबर माझा २०१३ चा परीक्षेचा फॉर्म पण आला होता, माझ्या हाताने भरलेला. खूप थंडीतली जागा होती ती, बोटं आखडलेली, पेनाची शाई गोठायची. नंबरच्या शेवटचं अक्षर मी नीट बघितलं, चष्मा लावून बघितलं, बायकोला दाखवलं. ती म्हणाली डब्ल्यू आहे. मी फॉर्म फाईलमध्ये ठेवून दिला आणि क्लर्क लोकांबद्दल त्यानंतर जरा कमी बोलतो. कमी, बंद नाही.

गुरुवारी गेलो, दहाच्या आत. फाटक उघडं होतं, हाच शकुन. कागद दिला, शिक्का मागितला, खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे वर मान करून बघितलं आणि मारला. तारखेला चार दिवस बाकी होते. काकू दिसल्या नाहीत, त्यांचं काम झालं असेल तर बरं.

लिस्ट आली तेव्हा मी एमटीत, म्हणजे युनिटच्या गाड्यांच्या विभागात, गाडीखाली वाकून बघत होतो, पोरं ओरडत आली साहेब साहेब म्हणून, मला वाटलं मागे कुणी साहेब उभे आहेत म्हणून मीच अटेन्शनमध्ये उभा राहिलो. त्यावरून अजून चिडवतात. पगार लेव्हल ५ वरून लेव्हल ६, तो भाग बायकोने मुलीकडून कॅल्क्युलेटरवर काढून घेतला. स्टार लावायच्या दिवशी एका खांद्यावर कमांडिंग ऑफिसर साहेबांनी लावला आणि दुसऱ्या खांद्यावर बायकोने, तिची पिन दोनदा माझ्या कातडीत गेली, मी हललो नाही. चुलत्यांना फोन केला तर ते म्हणाले, नायब का, बरं बरं, सुभेदार कधी?

ऑर्डर हातात आली तेव्हा मी नाव वाचलं नाही, आधी नंबरचं शेवटचं अक्षर बघितलं. एम होतं. पुढच्या महिन्यात जेसीओ मेसचं पहिलं बिल आलं, त्यावर डब्ल्यू.