तुम्ही विचारलंत म्हणून : मुंबईत डोंगर कुठून आणता?

ऑफिसात, लग्नकार्यात, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईने पायातले चिखलाचे बूट पाहिले की तिथेसुद्धा, प्रश्न एकच असतो : "मुंबईत राहून डोंगरात पळायची तयारी कशी करता हो? इथे चढ आहे कुठे?" चढ आहे. मी मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहते. नसतो तो उतार. म्हणजे असतो, पण आपण तो लिफ्टने उतरतो.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं ठरवलं. पायथ्याच्या घांगरिया गावात मुक्काम करायचा, एक दिवस वरच्या तळ्याकाठचा हेमकुंड साहिब गुरुद्वारा, दुसऱ्या दिवशी व्हॅली, दोन्हीकडे जमेल तितकं पळत. घांगरिया तीन हजार मीटरच्या जरा वर आहे. हेमकुंड तिथून सहाएक किलोमीटरवर, पण तेवढ्यात बाराशे मीटरहून जास्त चढ. मी हिशोब केला. चौदा मजले म्हणजे चाळीसेक मीटर, तीस फेऱ्यांत हेमकुंड. झालं, रोज पहाटे साडेपाचला जिना. वेळ आणि गुडघे वाचवायला खाली मात्र लिफ्टने. वॉचमन सुरुवातीला रोज सांगायचा, "मॅडम, लिफ्ट चालू आहे." त्याला वाटायचं मी बंद समजून चढतेय.

रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये गेटपासून कान्हेरीपर्यंत जाऊन-येऊन. तो डांबरी रस्ता आहे. छान आहे, सावली आहे, पण तयारीच्या दृष्टीने गुळगुळीत.

दमाचं आधी सांगून टाकते, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. विरळ हवेची तयारी मुंबईत होत नाही. हेमकुंडला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्याला जिना, प्राणायाम, तोंडाला मास्क यातलं काही पुरत नाही. तिथे जाऊन दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशेएक मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. मी घांगरियात दोन रात्री नुसती झोपले, डाळभात खाल्ला, तिसऱ्या दिवशी निघाले. डोकं दुखलं नाही. चढताना पळणं वगैरे काही नव्हतं. मांडीवर हात टेकून भराभर चालणं होतं, मध्ये मध्ये खेचरांना वाट देत. साडेतीन तासांत वर. धुकं, तळं, लंगरची गरम खिचडी आणि चहा. वर मुक्काम करू देत नाहीत, त्यामुळे उतरणं आलंच.

उतरताना मला पंख फुटले. हवा दर वळणाला दाट होत होती, दगडी पायऱ्या, माणसं कौतुकाने बाजूला होत होती. मी सुसाट खाली आले आणि चहा पिताना फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजचा जिना उतरता येईना. कठड्याला धरून, पाठमोरी, एकेक पायरी. खालच्या चहावाल्याने न विचारता बाक पुढे सरकवला.

याचं कारण साधं आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी ब्रेकही मारत असतो. त्यात त्याचे बारीक धागे तुटतात, आणि दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येतं. मी चार महिने ब्रेक वापरलेच नव्हते.

व्हॅली 1982 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 2005 पासून जागतिक वारसा. खेचरं आत नेता येत नाहीत, राहता येत नाही, संध्याकाळच्या आत बाहेर पडावं लागतं. मला सकाळी पहिल्या माणसांबरोबर आत शिरून दूरवर पळायचं होतं. प्रत्यक्षात पुष्पावती नदीच्या पुलाकडे उतरायलाच इतका वेळ लागला की पाठीवर नातू घेतलेले एक आजोबा मला मागे टाकून गेले. फुलं पाहिलीत का, असं लोक विचारतात. पाहिली, भरपूर, दुसरा इलाजच नव्हता. पण मी चिडलेलीच होते, ते खोटं कशाला सांगू! एक मात्र तिथे कळलं. आतली वाट जेमतेम एका माणसाची आहे, कुणाला ओलांडायचं तर पाय झाडोऱ्यात पडतो. धडधाकट पायांनी गेले असते तर दिवसभरात किती रोपं तुडवली असती कोण जाणे. ऑगस्टच्या गर्दीत तिथे पळू नये असं आता माझं मत आहे. पळायचं तर हेमकुंडच्या वाटेवर, तेही खेचरं नसतील तिथे.

तर तयारी. उताराची चांगली गोष्ट ही की मांड्यांनी एकदा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे त्या लक्षात ठेवतात, दुसऱ्यांदा तितकं दुखत नाही. म्हणून जायच्या तीनेक आठवडे आधी पहाटेची कसारा लोकल पकडायची, पुढे जीपने पायथ्याचं बारी गाव, आणि कळसूबाई. चढताना हवं तेवढं रमा. उतरताना शिड्या सोडून बाकी वाटेवर छोटी पावलं टाकत, न थांबता खाली या. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर धप्पकन बसाल. ते दुखणं तिकडे नाही, इकडेच होऊन गेलेलं बरं.

आणि आठवड्यातून दोनदा मी वर लिफ्टने जाते आणि जिन्याने उतरते. आठ वेळा, दहा वेळा. परवा वॉचमनने शेवटी विचारलंच, "मॅडम, वर जिन्यात काही पडलंय का तुमचं? सांगा, मी शोधतो."