पंचवीस वाजून दहा मिनिटांची बस

जीटीएफएस या, वाहतूक संस्था वेळापत्रके खुली करण्यासाठी वापरतात त्या स्वरूपातली बसच्या वेळापत्रकाची फाइल मी पहिल्यांदा उघडली, तेव्हा एका थांब्यापुढे २५:१०:०० अशी वेळ दिसली आणि ही टंकलेखनातली चूक असणार, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात ती रात्री एक वाजून दहा मिनिटांनी येणारी, पण आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातली बस होती. तारीख उलटली तरी सेवेचा दिवस संपलेला नाही, हे नोंदवण्याची ती ठरलेली रीत आहे.

अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांच्या २००५ मधल्या कामातून हे स्वरूप आले. स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या काही फाइल, एवढाच त्याचा पसारा. परंतु रकाने सर्वांसाठी सारखे असल्यामुळे एका शहरासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या शहराच्या माहितीवरही चालू लागला. सरकारने स्वतः ॲप काढण्यापेक्षा असे रकाने नीट सांभाळून माहिती सर्वांना खुली ठेवावी, असे माझे मत आहे.

माहितीला किंमत लावली की काय अडते, हे पृथ्वीची चित्रे टिपणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. लँडसॅट ७ च्या एका चित्राला सुमारे ६०० डॉलर पडत, तोवर अभ्यासक मोजकी, बिनढगांची चित्रे निवडून विकत घेत. २००८ मध्ये हा संग्रह मोफत खुला करण्याचा निर्णय झाला आणि २०१३ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक चित्रे वापरून जगभरच्या जंगलांतील बदलांचा नकाशा प्रसिद्ध झाला. जुन्या दराने नुसत्या चित्रांचेच ३९ कोटी डॉलर झाले असते; एवढ्या पैशांचा प्रस्ताव मांडण्याचे धाडस कोणी केले असते, असे वाटत नाही.

कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ मात्र मी खुली माहिती मानत नाही. तशा एका तक्त्यातले आकडे संगणकाकडून वाचून घेताना एकाचे नऊ झाले आणि माझी सगळी बेरीज फसली.

व्यक्तीशी जोडलेल्या माहितीची गोष्ट निराळी आहे. न्यूयॉर्कमधील टॅक्सीफेऱ्यांच्या नोंदी २०१४ मध्ये बाहेर आल्या, तेव्हा परवाना क्रमांक एमडी५ या, एका क्रमांकासाठी नेहमी एकच सांकेतिक मजकूर देणाऱ्या पद्धतीने झाकलेले होते. परंतु मुळात शक्य क्रमांकच मर्यादित असल्यामुळे ते सगळे संगणकावर एकेक करून पडताळता आले आणि झाकलेले क्रमांक थोड्याच वेळात उघडे पडले. अशा नोंदींतला क्रमांकाचा रकाना झाकण्याऐवजी काढूनच टाकावा. फेऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याचे बरेचसे काम त्यावाचून भागते.