विल्सन शोधायला गेलो आणि टेनिसची रॅकेट निघाली

२००१ चा पावसाळा. आमचं वाचनालय जिल्ह्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत 'जिल्हा अ' वर्गाचं, खाली वृत्तपत्रं, वर देवघेव आणि तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या, कार्डांची लाकडी कपाटं, आणि संदर्भ विभागाच्या कोपऱ्यात एका जुन्या सभासदाच्या अमेरिकेतल्या मुलाने दिलेला कॉम्प्युटर. इंटरनेट घ्यायचं की नाही यावर कार्यकारी मंडळात बरीच वादावादी झाली होती, एकाचं म्हणणं पोरं नको ते बघतील, दुसऱ्याचं म्हणणं फोनचं बिल कोण भरणार, शेवटी असं ठरलं की मशीनला हात फक्त ग्रंथपालाने लावायचा आणि वाचकाने शेजारच्या खुर्चीत बसून काय हवं ते सांगायचं. म्हणजे मी ड्रायव्हर आणि वाचक क्लीनर. मला ही पद्धत तेव्हा अपमानास्पद वाटली होती (वाचकाचा, माझा नाही), पण त्या दिवशी तिचाच उपयोग झाला.

दुपारची वेळ होती. एसटीचा एक कंडक्टर आला, खाकी ड्रेसवरच, ड्युटी संपवून सरळ डेपोतून. सभासद नव्हता. आमच्या शिपायाने खालीच अडवलं की सभासद नसेल तर वर जाता येत नाही, तर हा म्हणे मला पुस्तक नकोच, मला नेटवाल्या मॅडम पाहिजेत. वर आला आणि काउंटरवर दोन कागद ठेवले. एक मुंबईच्या दवाखान्याचा केसपेपर, त्यावर डॉक्टरी अक्षरात काहीतरी आणि खाली 'विल्सन्स डिसीज'. दुसरा स्टँडजवळच्या सायबर कॅफेतला प्रिंटआउट.

"म्याडम, पोरगीचं हाय. तेरा वर्सांची हाय. आधी कावीळ झाली, ती उतरवून आणली गावाकडनं, मग हात थरथराय लागलं, अक्षर बिघडलं, शाळेत मास्तर म्हणले लक्ष न्हाई. आता मुंबईला म्हणत्यात अंगात तांबं साठतंय, तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करा. आन हा कागद म्हणतोय तांब्याचं पाणी लिव्हरला लई चांगलं. आमच्या घरात तर आज्जीपासनं तांब्याचा हंडाच हाय. कुणाचं खरं धरायचं?"

कुणाचं खरं. बी.लिब.ला असताना आम्हाला वर्गीकरण शिकवलं, सूची शिकवली, रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची १९३१ ची पाच सूत्रं पाठ करून घेतली, पण हा प्रश्न कुठल्या कपाटात शोधायचा ते कोणी शिकवलं नव्हतं. संदर्भ सेवेचा एक नियम मात्र पक्का डोक्यात होता, की वैद्यकीय आणि कायद्याच्या प्रश्नात माहिती काढून द्यायची, अर्थ लावून द्यायचा नाही. ते मी त्याला आधीच सांगितलं. मी डॉक्टर नाही, मी फक्त शोधून वाचून दाखवणार, ठरवणार तुमचे डॉक्टर. तो "बरं" म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते त्याला पटलेलं दिसत नव्हतं.

संदर्भ विभागात दोन पोरं स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढत बसली होती, त्यांना खालच्या टेबलावर पाठवलं. कुणाच्या पोरीचं दुखणं सगळ्या गावाने कशाला ऐकायचं. मग मोडेम लावला. तो चीं चीं करून जोडला जाईपर्यंत मी त्याला सांगून टाकलं की खाली सेक्रेटरींच्या खोलीत कोणी फोन उचलला की लाइन तुटते, तर दम धरायचा.

आधी मुद्दाम त्याच्या समोर अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्रावर नुसतं 'विल्सन' टाकलं. मला त्याला दाखवायचं होतं की हे यंत्र शहाणं नाही. आलं काय, तर टेनिसच्या रॅकेटी, बॉल, अमेरिकेचे एक राष्ट्राध्यक्ष, आणि कुठल्या कुठल्या विल्सन आडनावाच्या माणसांची पानं. तो हसला, आल्यापासून पहिल्यांदाच. मग 'विल्सन्स डिसीज' हे दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत घालून टाकले. आता आजार आला, पण त्यातही निम्मी पानं काहीतरी विकणारीच. त्याचा सायबर कॅफेतला कागदही तसाच होता. मी तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, याच्या खाली काय लिहिलंय बघा. त्याला इंग्रजी अक्षर लावून लावून वाचता येत होतं. डॉलरमध्ये किंमत, तांब्याचा पेला, पोस्टेज वेगळं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही.

"म्हंजे दुकान हाय हे," तो म्हणाला.

बरोबर, दुकान. आणि दुकानदार खोटंच बोलतो असं नाही, निरोग्या माणसाला त्या पेल्याने काही होतही नसेल, पण हे पान तुमच्या मुलीसाठी लिहिलेलं नाही. एवढं मी बोलले, आणि खरं तर तेही नियमाच्या जरा पलीकडेच गेलं.

मग पबमेड उघडलं, म्हणजे वैद्यकीय लेखांची नेटवरची सूची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ मध्ये ते जगाला फुकट केलं होतं, त्याआधी असा शोध घ्यायला पैसे मोजावे लागत, आमच्यासारख्या वाचनालयाच्या स्वप्नातही नव्हतं. पण तिथेही नुसतं विल्सन टाकलं की विल्सन नावाच्या लेखकांनी लिहिलेलं सगळं येतं, हाडांचं, दातांचं, घोड्यांचंसुद्धा. तिथल्या विषयसूचीत या आजाराचा मथळा वेगळाच आहे, 'हेपॅटोलेंटिक्युलर डीजनरेशन'. ज्याने आयुष्यात तालिकेचं एक कार्ड केलंय त्याला ही गंमत कळेल, लोक ज्या नावाने विचारतात ते एक आणि सूचीकाराने धरलेलं ते दुसरं, मधे 'पाहा' म्हणून बोट दाखवणारं कार्ड लागतं. मी त्याला आमचा लाकडी खण ओढून तसलं एक कार्ड दाखवलंही. एसटीवाल्याला लगेच कळलं, "गाडीच्या पाटीवर एक गाव आन लोक म्हणत्यात दुसरं, तसंच की."

पबमेडवरचे गोषवारे डॉक्टरांसाठी लिहिलेले, त्यातून त्याला काय मिळणार. म्हणून त्याच ग्रंथालयाचं सामान्य लोकांसाठीचं मेडलाइनप्लस, आणि तिथून अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेचं एक माहितीपत्रक. ते उघडायला इतका वेळ लागला की मी त्याच्यासाठी चहा मागवला. पान वरून एकेक ओळ उतरत होतं आणि मी आधी तळ गाठला. हे कोण बोलतंय, सरकारी संस्था. केव्हा लिहिलं, तारीख आहे. काही विकतंय का, नाही. मग वाचायला सुरुवात केली, इंग्रजी एक वाक्य, मराठी एक वाक्य, अडलं की शेजारी वैद्यकीय शब्दकोश उघडा ठेवलेला. शरीराला तांबं थोडं लागतंच, जास्तीचं यकृत पित्तातून बाहेर टाकतं, या आजारात ते टाकणं जमत नाही, मग तांबं यकृतात साठतं, पुढे मेंदूत, डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसतं. इथे तो म्हणाला, मुंबईच्या डॉक्टरीणबाईनं तिच्या डोळ्यात लाइट मारून लई वेळ बघितलं, आम्हाला वाटलं चष्मा लागला. उपचार आहेत, तांबं लघवीतून बाहेर काढणारी पेनिसिलामाइन, तांबं शोषू न देणारं जस्त, पण औषध जन्मभर, मधेच सोडायचं नाही. खाण्यातलं तांबं कमी करा. हंड्याचा उल्लेख अर्थातच नव्हता, अमेरिकेत कोण हंडा वापरतंय.

पुढची ओळ होती की आजार आनुवंशिक आहे, रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक, त्रास नसला तरी भावंडांची तपासणी करावी, लवकर कळलं तर औषधाने त्रास सुरू होण्याआधीच थांबवता येतो. हे मी वाचलं, मराठीत सांगितलं, आणि तो काहीच बोलला नाही म्हणून परत सांगितलं. केसपेपरवर असेल कदाचित, डॉक्टरांनी सांगितलंही असेल, मुंबईच्या त्या गर्दीत कंडक्टरच्या कानावर काय काय पडलं आणि काय राहिलं कोण सांगणार.

"धाकटा हाय," तो म्हणाला. "आठ वर्सांचा. धडधाकट हाय पण. पळतोय, खेळतोय."

मी म्हटलं हे पान छापून देते, ही ओळ कुठे आहे ते ध्यानात ठेवा आणि मुंबईला जाताना डॉक्टरांना दाखवा. त्याला माझ्याकडून 'काही होत नाही हो' ऐकायचं होतं, हे मला कळत होतं. तेवढं बोलायला काय लागतं. पण नाही बोलले.

छापताना लाइट गेली, लोडशेडिंगची वेळ झालीच होती. यूपीएस केकाटायला लागला. प्रिंटर त्याच्यावर नव्हता. लाइट येईपर्यंत तो थांबला, आणि मग डॉट मॅट्रिक्सने ते पत्रक करकरत एकेक ओळ काढलं.

दिवाळीनंतर कधीतरी तो परत आला. धाकट्यालाही निघालं होतं. लक्षण एकही नाही, तपासणीत निघालं. दोघांना औषध चालू, पोरीचा हात थोडा बरा. आता प्रश्न वेगळा होता, ते औषध आपल्या जिल्ह्यात कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही, दर वेळी मुंबई कशी करायची, आणि नेटवर बघा ना मॅडम कुठं मिळंल. नेटवर काय मिळणार, सगळी अमेरिकेतली दुकानं. मी कॉम्प्युटर चालूही केला नाही. आमचे एक जुने सभासद औषधांचे होलसेलवाले, दर शनिवारी रहस्यकथा बदलायला यायचे, त्यांना फोन लावला. त्यांनी पुण्यातल्या एका स्टॉकिस्टचा नंबर दिला आणि वर म्हणाले की ऑर्डर माझ्या नावावर टाका, माझ्या मालाबरोबर येईल, त्याला हेलपाटा नको. संदर्भ नोंदवहीत मी हा प्रश्न लिहिला तेव्हा 'साधन' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, शेवटी 'सभासद क्रमांक' असं लिहून त्यांचा नंबर टाकला.

मंडळाच्या पुढच्या सभेत फोनबिलाचा विषय निघाला तेव्हा मी ती नोंदवही पुढे केली, नावं झाकून. सेक्रेटरींनी वाचली. त्यानंतर दुपारी दोन ते चार त्यांच्या खोलीतला फोन कोणी उचलायचा नाही असा कागद त्यांनीच तिथे चिकटवला. आणि डेपोतले लोक यायला लागले, कुणाला आईच्या मोतीबिंदूचं बघायचं, कुणाला लॉटरी लागल्याची ईमेल आलेली, ती खरी का ते विचारायला. लॉटरीवाल्याला बघून आमचा कंडक्टरच मधे बोलला, "पयलं खाली बग, कोण बोलतंय त्ये."