सहा व्होल्टवर अडकलेला काटा

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी "शाळेबद्दल दोन पानं लिहून द्या" असा फोन आला. मी लगेच हो म्हटलं आणि कागद घेऊन बसल्यावर लक्षात आलं, की मला शाळेबद्दल लिहायचंच नाहीये. गॅदरिंग, फाटकापाशी मिळणारी बोरं, पावसात गळणारा हॉल यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते फिजिक्सच्या सरांवर. नाव लिहीत नाही. जिन्याखालच्या प्रयोगशाळेत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना ते सांगायला नको, आणि नाव छापून आलेलं सरांना कधी आवडलं नाही.

साल १९८८, आपल्या ज्युनियर कॉलेजची अकरावी. प्रयोग होता कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, भरण्याचा आणि रिकामा करण्याचा. सर त्याला शेवटपर्यंत कंडेन्सरच म्हणत. १००० मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर सरांनी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, पदरमोड करून आणला होता. सोबत १०० किलोओहमचा रोध (रेझिस्टर), बॅटरीऐवजी वापरायचा ९ व्होल्टचा एलिमिनेटर आणि काळ्या बॅकेलाइटचा, काट्याचा मल्टिमीटर. एक लाख ओहम गुणिले हजार मायक्रोफॅरड, म्हणजे बरोबर १०० सेकंद; रोध आणि कपॅसिटरच्या या गुणाकाराला आरसी म्हणतात. तेवढ्या वेळात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, पुढच्या १०० सेकंदांत उरलेल्याच्या ६३ टक्के, असं करत ५०० सेकंदांना ९९ टक्क्यांच्या वर जातो. हे असं का, ते सरांनी फळ्यावर समीकरण मांडण्याआधी पीएमटीच्या, म्हणजे तेव्हाच्या पुण्याच्या सिटी बसच्या, उदाहरणावर सांगितलं होतं. "डेपोतून निघालेल्या रिकाम्या गाडीत पहिल्या स्टॉपला सगळे टुणकन चढतात. मग आतलेच बाहेरच्यांना ढकलायला लागतात." कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं तशी एलिमिनेटरशी असलेली तफावत कमी होते, आणि रोधातून करंट जातो तो त्या तफावतीपुरताच.

मी आणि माझी पार्टनर (तीही ही स्मरणिका वाचणार, तेव्हा जपून लिहिते) प्रयोगाला बसलो. ती घड्याळ बघून दर वीस सेकंदांनी "हं!" म्हणायची, मी काटा वाचायची. १०० सेकंदांना ५.७ यायला हवे होते, आले साडेचारच्या आसपास. सहा मिनिटांनी काटा ६ वर गेला आणि तिथेच बसला. एलिमिनेटर बदलला, वायरी घासल्या, मीटरवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. कच्चे आकडे लिहिलेला चिठोरा मी दप्तरात कोंबला आणि जर्नलमध्ये सूत्रावरून काढलेले आकडे लिहिले. मधूनमधून ०.१ इकडेतिकडे, खरे वाटावेत म्हणून. ग्राफ असा देखणा आला की बास.

सरांनी जर्नल उघडलं, चष्मा कपाळावर चढवला. "वा! मीटर कुठलं वापरलंत गं?"

मी बोट दाखवलं.

"ह्या मीटरवर नऊ व्होल्ट आले? मग मी इतकी वर्षं झक मारली म्हणायची."

दप्तरातला चिठोरा बाहेर आला. सरांनी मीटरची तबकडी पुढे केली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, व्होल्टला २०,००० ओहम. १० व्होल्टच्या रेंजला मीटरचा स्वतःचा रोध २०० किलोओहम. कपॅसिटर एकीकडून भरत होता आणि मीटर दुसरीकडून पीत होतं. नऊ व्होल्टची वाटणी १०० आणि २०० अशी झाली, म्हणून काटा ६ वर. दोन रोध समांतर धरले की वेळही १०० सेकंदांऐवजी ६७ सेकंद. तो हिशेब आम्हाला फळ्यावर करायला लावला आणि आमचे साडेचार जवळपास जुळले. मग सरांनी डिंकाची बाटली काढली, तो चुरगळलेला चिठोरा जर्नलच्या पानावर चिकटवला आणि सही त्याच्यावर केली. देखण्या ग्राफवर आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं, "निबंध". आम्हाला ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी विसरले असते.

आज भोसरीत मोटर ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) कारखान्यात टेस्टिंग माझ्याकडे आहे. ४१५ व्होल्टच्या लाइनवरचा ड्राइव्ह बंद केला, तरी आतल्या कपॅसिटरवर साडेपाचशेच्या वर व्होल्ट उरलेले असतात. रिकामं करणाऱ्या रोधातून ते ५० च्या खाली यायला आरसीच्या सुमारे अडीचपट वेळ लागतो. म्हणून झाकणावर "पाच मिनिटं थांबा" लिहिलेलं असतं. नवीन पोरं थांबत नाहीत. मी त्यांना विचारते, मीटरनं बघितलंस का? आणि कुठलं मीटर?

मागच्या वर्षी शाळेत आले तेव्हा जिन्याखाली संगणक मांडलेले होते. पडद्यावर वक्र काढून दाखवतात, सुरेख येतो. डिजिटल मीटरचा रोध तर १० मेगाओहम, तो लावला की ९ च्या जागी ८.९ दिसतात. चुकायलाच जागा नाही. त्याचं मला का वाईट वाटावं, हे मी घरी कुणाला समजावू शकलेले नाही.

समितीला एक विनंती. ते काळं मीटर जुन्या लाकडी कपाटात, खालच्या खणात असायचं. काचेला उजवीकडे तडा आहे. भंगारात घालणार असाल तर आधी मला फोन करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.