कापलेले ८६ सेकंद

रविवार, रात्री पावणेबारा

घसा पार बसलाय. उजव्या कोपराला खरचटलंय, कशाने ते आठवत नाही. घरातले सगळे झोपलेत आणि मी अंधारात तीच क्लिप पुन्हा पुन्हा बघतेय. माझीच.

आज आमची सभा होती आणि त्यांची फेरी. दोघांनाही परवानगी होती, वेळा आणि मार्ग ठरवून दिलेले होते. एकाच्या सभेच्या जागेवरून दुसऱ्याने मिरवणूक न्यायची नाही, हे तर आचारसंहितेतलं नेहमीचं कलम. भारतातली आचारसंहिता १९६० साली केरळच्या निवडणुकीत पहिल्यांदा आली, म्हणजे ही भीती काही आजची नाही. कागदावर सगळं चोख होतं. फक्त आमची सभा तासभर उशिरा सुरू झाली, त्यांची फेरी तासभर रेंगाळली आणि दोन उशिरांची गाठ चौकात पडली.

खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मजा आली. ते एक घोषणा द्यायचे, आम्ही तिला यमक जुळवून उत्तर द्यायचो. कुणीतरी मागून नवी ओळ सुचवायचं की लगेच शे-दोनशे गळ्यांतून ती बाहेर. एकटीने कधी इतक्या जोरात ओरडले नसते मी. आधी आपल्या उमेदवाराचा जयजयकार, मग त्यांच्या उमेदवाराची टिंगल, आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते कळलंच नाही, घोषणा समोर उभ्या असलेल्या माणसांवर घसरल्या. ‘तुमचा नेता असा’ वरून ‘तुम्हीच तसले’ वर. दोन्हीकडच्या भोंग्यांचा आवाज वाढला. मधे जी दहा-बारा फुटांची मोकळी जागा होती ती आकसत गेली.

ती जागा कुणी चालून जाऊन खाल्ली नाही, हे मी दुभाजकावर उभी होते म्हणून मला दिसलं. मागच्यांना काही दिसत नव्हतं म्हणून ते टाचा उंचावून पुढे रेटत होते. पुढच्याला वाटतं समोरचा अंगावर येतोय. समोरच्यालाही तेच वाटतं. आणि रेटणारा प्रत्येक जण पाचव्या-सहाव्या रांगेत, पूर्ण सुरक्षित.

मग ते झेंड्याचं झालं. आमच्यातला एक पोरगा, चष्मेवाला, किडकिडीत, सभेच्या दिवशी खुर्च्या मांडायचं काम त्याच्याकडे असतं. त्याने हात लांब करून त्यांच्यातल्या एकाचा झेंडा खेचला. कापड फाटून याच्या हातात आलं, काठी त्याच्याकडे राहिली. झेंड्याचं कापड कुणाला लागत नाही, लागते ती काठी. तो माणूस क्षणभर हातातल्या नुसत्या काठीकडे बघत राहिला आणि मग ती फिरली. पोराचा चष्मा उडाला, भुवई फुटली. त्यानंतर आमच्या बाजूने खुर्च्या उडाल्या, त्यांच्या बाजूने दगड. पोलीस मधे घुसेपर्यंत चौकात चपलांचा खच.

माझ्याकडे एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. ८१व्या सेकंदाला आमच्या पोराचा हात झेंड्याकडे जातो. ८७व्याला काठी फिरते.

तासाभरात ग्रुपवर विचारणा सुरू झाली, ‘ताई, कुणी शूट केलंय का?’ मी पहिले ८६ सेकंद कापले आणि उरलेले १४ पाठवले. लांब व्हिडिओ कोण बघतं, असं स्वतःला सांगितलं. पण कात्री अगदी नेमकी कुठे लावायची ते बोटाला न सांगता कळलं होतं.

सोमवार, दुपार

क्लिप फिरून माझ्याकडेच आलीय, मावसभावाकडून. आता तिला मागे संगीत आहे आणि काठीभोवती लाल वर्तुळ आहे. खाली लिहिलंय, ‘हीच यांची संस्कृती’. त्यांचीही एक क्लिप आहे म्हणे. बघितली. ती आमच्या पहिल्या खुर्चीपासून सुरू होते.

पोराला चार टाके पडलेत. काठीवाल्याला पोलिसांनी काल रात्रीच ताब्यात घेतलं, आणि आमच्याच लोकांनी त्याचं नाव, नोकरीची जागा, सगळं हुडकून काढलंय. ग्रुपवर उत्सव चाललाय. मला ‘वाघीण’ म्हणतायत. काल रात्री हे वाचलं असतं तर सुखावले असते.

कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट सकाळपासून डोक्यात घोळतेय. १९५१च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. भलताच धसमुसळा. प्रिन्स्टनच्या भरवशाच्या खेळाडूचं नाक फुटलं, पुढे डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेही डार्टमथच्या पोरांना दिसले नाहीत. पण माझ्या लक्षात राहिला तो एक माजी विद्यार्थी. डार्टमथचा. त्याच्याकडे फिल्म पाठवली तर त्याला आपल्या संघाचा दांडगेपणा काही केल्या दिसेना. त्याने चक्क तार केली: फिल्ममधला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो ताबडतोब विमान टपालाने पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे.

काहीही कापलेलं नव्हतं.

तेव्हा वर्गात सगळे हसलो होतो. मी जरा जास्तच.

मंगळवार, पहाटे

झोप नाही. काल संध्याकाळी मैत्रिणीशी फोनवर वाद झाला. तिचं म्हणणं, दोन्ही नेत्यांनी एका व्यासपीठावर येऊन हात हातात घ्यावेत, खालचे आपोआप गप्प होतील. मी तिला जमैका सांगितलं. २२ एप्रिल १९७८, किंग्स्टन. बॉब मार्लीने गाता गाता मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सीगा या तिथल्या राजकारणातल्या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांना मंचावर बोलावलं आणि दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. फोटो जगभर गेला. दोन वर्षांनी, १९८०च्या निवडणुकीच्या वर्षात, तिथे सुमारे ८०० माणसं मारली गेली. ती म्हणाली, ‘तुला प्रत्येक गोष्टीत पाणी ओतायची सवय आहे.’ असेल.

खरं तर वाद घालायला मला नेत्यांचा विषय बरा वाटत होता. त्यात क्लिपचा विषय निघत नाही.

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या त्या शिबिराचंही असंच. १९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगासाठी अकरा-बारा वर्षांची २२ मुलं घेतली, सगळी सारख्याच घरांतली, दोन गट केले, नावं दिली, स्पर्धा लावल्या. रस्सीखेचीत हरलेल्या गटाने जिंकलेल्यांचा झेंडा उतरवून जाळला. ना उमेदवार, ना मतदान, ना कुठला इतिहास, तरी पहिला घाला झेंड्यावरच. पुढे संशोधकांनीच पोरांना चिथावलं अशी टीका झाली. आणि शेवटी बंद पडलेला ट्रक दोन्ही गटांनी मिळून दोरीने ओढला तेव्हा जरा निवळलं, असंही सांगतात. आमच्याकडे ओढायला ट्रक कुठून आणायचा? चिथावणारे मात्र आहेत. एक तर हे लिहितेय.

मंगळवार, रात्री

दुपारी त्या पोराचा फोन आला. जबडा नीट उघडत नाही म्हणून हळूहळू बोलत होता.

‘ताई, तो व्हिडिओ तू कुठून कापलास?’

मी काही बोलले नाही.

‘झेंडा माझ्या हातात आला ना, तेव्हा तो हसत होता. मी पण हसत होतो. आहे का ते त्यात?’

फोन ठेवून बघितलं. इतक्या वेळा बघूनही हे दिसलं नव्हतं, कारण मी दर वेळी हात बघत होते. ८२व्या सेकंदाला दोघांच्याही चेहऱ्यावर हसू आहे, मस्ती करताना असतं तसं. मग मागून एक लोंढा येतो, काठीवाल्याची टोपी पडते, कुणाच्या तरी पायाखाली जाते. तो खाली बघतो, मग काठीकडे, मग वर. ८५व्या सेकंदाला हसू कुठेच नाही.

ठाण्यात जाऊन पूर्ण व्हिडिओ दिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘आधी का नाही आणलात?’ तेवढंच. मग घरी येऊन तोच ग्रुपवर टाकला. पाच मिनिटं सन्नाटा. एकाने ‘ताई, ही वेळ आहे का’ असं लिहिलं. दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. एकीने वेगळा मेसेज करून विचारलं, त्यांनी किती दिले.

आणि मग खुर्च्यांची व्यवस्था बघणाऱ्या काकांचा मेसेज आला. साधा, सभ्य माणूस, कधी आवाज चढवत नाहीत.

‘ताई, हा व्हिडिओ मधूनच सुरू होतोय. त्याच्या आधी त्यांनी काहीतरी केलं असणार. आधीचा भाग पाठवा.’

आधीचा भाग माझ्याकडे नाही. आधी फोन पर्समध्ये होता आणि माझे दोन्ही हात वर होते.