डब्याचा वास

मंगळवार, रात्र

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं १८वं वचन आज पुन्हा काढून बसले. 'युओदिया' या ग्रीक शब्दासाठी. 'यु' म्हणजे चांगलं. आपल्या 'सुवास'मधला 'सु' जसा. पण पत्र लिहिणारा पौल तिथे जोडी वापरतो, 'ओस्मे युओदियास'. 'ओस्मे' म्हणजे नुसता वास, चांगला असो की वाईट. मराठीत शब्दाला शब्द ठेवला तर 'सुवासाचा वास' होतं, आणि ते कानाला खटकतं.

ही जोडी पौलाची स्वतःची नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ती होमार्पणांच्या जागी येते. जलप्रलय ओसरल्यावर नोहा वेदी बांधतो तिथे पहिल्यांदा, मग लेवीय या पुस्तकात पुन्हा पुन्हा. म्हणजे फुलाअत्तराचा नव्हे, वेदीवरच्या धुराचा वास. इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताच्या आत्मार्पणालाही हेच दोन शब्द आहेत.

आणि इथे पौल ते कशाला लावतो? फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती जे पाठवलं, त्याला! पौल बंदीत. पाठवलेलं काय होतं तेही तो लिहीत नाही, 'तुमच्याकडून आलेलं' एवढंच. ते घेऊन आलेला माणूस मात्र आजारी पडून मरणाच्या दारात जाऊन आला होता.

आई दवाखान्यात होती ते अकरा दिवस आठवले. समोरच्या काकू रोज दुपारी दोन बस बदलून डबा आणायच्या. झाकण काढलं की मऊ भाताची वाफ, तूप, जिऱ्याची फोडणी. वॉर्डातला फिनेलचा वास तेवढ्यापुरता मागे सरायचा. आईची अन्नावरची वासना उडाली होती, तरी त्या वासानं ती मान वळवायची. "वहिनी, गरम आहे तोवर दोन घास खा," काकू म्हणायच्या आणि चमचा पुढे करायच्या.

काकू आमच्या चर्चच्या नाहीत, गुरुवारी दत्ताला जातात. तरी त्या डब्यासाठी मला दुसरा शब्द सापडत नाही, आणि शोधायचाही नाही.

डब्याचा एक पुडा अजून आपल्याच फडताळात आहे. आज आईनंच आठवण केली, "रिकामा देऊ नकोस हं." सकाळी लवकर उठून रवा भाजायला घ्यायचा.